उलट रे, उलट

४ फेब्रुवारी

धुतलेल्या चादरी पिळायचं काम लहानपणी आम्हा दोघा भावंडांकडे असायचं. चादरीचं एक टोक मी धरायची, दुसरं धाकटा, आणि समोरासमोर उभं राहून दोघांनीही आपापल्या उजवीकडे पीळ घालायचा. पण धाकटा डावखुरा. तो हटकून डावीकडे फिरवायचा. मग चादर पिळली जायचीच नाही, आमच्या दोघांच्या मध्ये नुसती गोल गोल फिरत राहायची आणि पाणी आमच्याच पायांवर. मी ओरडायची, "उलट रे, उलट!" की त्याचा हात तत्क्षणी उलटा फिरायचा. त्यात त्याच्या डोक्याचा काही संबंध नसायचा, हातालाच ऐकू जायचं. आई आतून विचारायची, "पिळताय की नाचताय?"

आज ते आठवलं, कारण आज वडिलांच्या बंद टॉकीजमध्ये पहिल्यांदा पाणी खेळलं. पडद्याच्या जागेपासून बाल्कनीपर्यंत मांडण्या उभ्या राहिल्या आहेत, माणूसभर उंचीच्या वर आणखी तेवढ्याच. प्रत्येक फळीवर पाइप, पाइपला भोकं, भोकात स्पंजचा तुकडा आणि त्यात बोटाएवढं रोप. माती नाहीच. मुळं वाहत्या पाण्यात लोंबतात. वडिलांनी मागच्या प्रेक्षकाला पुढच्याचं डोकं आड येऊ नये म्हणून जमिनीला उतार दिला होता. तोच उतार आता पाणी आपोआप खाली आणतो. पंप ते पुन्हा वर चढवतो. तेच पाणी, पुन्हा पुन्हा.

टाकीचा मोठा व्हॉल्व्ह धाकट्याने बसवला. टॉकीजच्या आगीच्या बंबाच्या लायनीतला, पितळी चाकाचा. त्याचे आटे उलटे आहेत. सगळी दुनिया उजवीकडे फिरवून बंद करते, हा डावीकडे फिरवला की बंद होतो.

"दुसरा आण की बाजारातून," मी म्हटलं.

"राहू दे गं ताई. डावखुरा आहे बिचारा. तुझ्या कॉन्व्हेंटात घातलास तर पट्टीचा मार खाईल." आणि तो आपल्या डाव्या हाताची बोटं हुळहुळल्यासारखी चोळत हसला.

"किती महिने चालेल गं हे तुझं?" असंही विचारलं त्याने. मी म्हटलं, "तुझा आशीर्वाद असेल तोवर." निम्मी इमारत त्याची आहे. त्याने हो म्हटलं नसतं तर एक खिळा ठोकता आला नसता. असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

१९ फेब्रुवारी

तिकिटाच्या खिडकीतून भाजी विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक खिडकीत वाकून विचारतं, "बाल्कनी आहे का?" वरच्या फळ्यांवरचा पालक कोवळा असतो, त्याला आता सगळे बाल्कनीच म्हणतात. एका आजोबांनी विचारलं, "मध्यंतरात काय देता?" मी म्हटलं, "पुदिना."

दिव्यांचा रंग गुलाबी-जांभळा आहे. झाडांना तोच मानवतो म्हणे. दारं उघडली की रस्ताभर गुलाबी उजेड पडतो. सिस्टरबाई म्हणाल्या, "शेजारच्या न्हाव्याने मला विचारलं, आत नाच चालतो का हो?"

सिस्टरबाई म्हणजे माझ्या भागीदार. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. प्रोजेक्टरच्या खोलीत बी रुजवण्याचं खातं त्यांचं, आणि तिथे त्यांचा वॉर्डातलाच दरारा. मी शाळेत सिस्टर म्हणून हाक मारली ती नन्सना, त्या डोळे मिटून बोलायच्या. या डोळे वटारून बोलतात. प्रोजेक्टरच्या खोलीत एक मांजरी व्यायली आहे, तिलाही म्हणतात, "भेटायची वेळ संपली, चल."

समोर हातगाडीवर भाजी विकणारा मात्र चिडला आहे. भाजीचे ट्रक लांबून यायचे, धरण आटल्यापासून आठवड्यातून कसेबसे दोनदा येतात. येतं ते पिवळं पडलेलं. तो मोठ्याने म्हणाला, "बाई, तुमच्या थेटरात आमचा मुडदा पाडताय!" मी म्हटलं, "आमचाच माल गाडीवर घ्या ना." तो म्हणाला, "बल्बाच्या उजेडातली भाजी? त्यापेक्षा बल्बच उकडून खाईन." पण जाताना त्याने उजव्या हाताने एक जुडी उचलली, हुंगली आणि तोलल्यासारखी वरखाली केली. मग ठेवून दिली.

६ मार्च

धाकटा आज एका पांढऱ्या बुटांच्या माणसाला घेऊन आला. टॉकीजच्या जागी तो मनोरा बांधणार म्हणे, काचेचा. आपल्या मांड्यांवर हात टेकून, वाकून तो माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलला. "आजी, छंद कुठेही करता येतो."

मी नाही म्हटलं. माझ्या सहीशिवाय विकता येत नाही, आणि मी ती देणार नाही.

तो गेल्यावर धाकटा एका रोपाचं पान खुडत राहिला. मग म्हणाला, "मी त्याला शब्द दिलाय गं."

"मला विचारायच्या आधी?"

"तू नेहमी हो म्हणतेस ना मला."

खरं आहे, नेहमी म्हणते. या वेळी नाही म्हटलं म्हणून त्याचं तोंड लहानपणी पतंग कापला गेल्यावर व्हायचं तसं झालं. मी त्याला पालकाचं सूप वाढलं. त्याने प्यायलं नाही.

११ मार्च

घडलं तसं लिहिते.

दुपारी झाडांची रात्र असते. भर दुपारी बंद थिएटर तापतं, म्हणून दिवे सकाळ-संध्याकाळ, आणि दुपारी अंधार. त्या वेळी आम्ही दोघी घरी जाऊन जेवतो. आज परतलो तर मागचं दार उचकटलेलं. आत पहारीने फोडलेल्या मांडण्या एकीवर एक पडल्या होत्या, हाडं मोडलेल्या जनावरासारख्या. कोवळा पाला बुटांनी इतका तुडवला होता की सगळ्या थिएटरात कापलेल्या गवताचा वास. मांजरी एका मांडणीखाली चिरडली होती. तिचं पोट फुटलं होतं. एकच पिल्लू वाचलं, ते तिला अजून लुचत होतं. सिस्टरबाईंनी ते उचललं आणि ॲप्रनमध्ये गुंडाळलं.

एवढं एक बरं, की टाकीचा व्हॉल्व्ह फोडला नाही. नुसता नीट बंद करून ठेवला होता. पण तो बंद आहे हे आमच्या लक्षात आलं तोवर ज्या मांडण्या उभ्या होत्या त्यांचीही मुळं वाळून कागद झाली होती. व्हॉल्व्ह उघडायला मी आणि सिस्टरबाईंनी नेहमीप्रमाणे आधी चुकीच्या बाजूला जोर लावला. रोजचं आहे हे, रोजच चुकतो.

धाकटा धावत आला. त्याने माझं डोकं छातीशी धरलं. "हा हातगाडीवाला," तो म्हणाला. "त्यानेच म्हटलं होतं ना, मुडदा पाडताय म्हणून? फौजदाराला सांग तसं."

मी सांगितलं. त्याने तसं म्हटलं होतं हे खरंच आहे.

१४ मार्च

आज डोळ्यांदेखत झालं.

तिकिटाच्या खिडकीत होते. चार-पाच माणसं आली, हातगाडी उलटवली, आणि टोमॅटो रस्ताभर झाले. हातगाडीवाल्याला त्यांनी त्याच्याच तराजूच्या दांडीने मारलं. तो हात जोडत होता. जोडलेल्या हातांवर मारलं. मग दोघांनी त्याचा पाय गाडीच्या चाकावर आडवा धरला आणि तिसऱ्याने गुडघ्यावर दगड टाकला. आवाज असा आला, जशी वाळलेली फांदी मोडावी. तो किंचाळला नाही. नुसता तोंड उघडून बसला, जणू काहीतरी विचारायचं होतं ते विसरला.

मी खिडकीतून ओरडत होते. खिडकीला गज आहेत. वडिलांनी गर्दीच्या भीतीने लावलेले.

धाकटा समोरच्या पदपथावर हाताची घडी घालून उभा होता. मी हाक मारली, "अरे थांबव त्यांना!" त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि मग सावकाश रस्ता ओलांडून गेला. त्याने हात वर करताच ती माणसं थांबली. त्याचा किती दरारा आहे! तो जरा आधी पोचला असता तर.

पोलीस आले आणि पकडून नेलं ते हातगाडीवाल्याला. हॉस्पिटलात आहे, खाटेला बेडी घालून. माझ्या तक्रारीवरून.

रात्री झोपताना शाळेत शिकवलेली प्रार्थना म्हटली. मधलीच ओळ आठवेना.

२० मार्च

लिहिताना उजवा डोळा मिटलेला आहे, त्यामुळे ओळ वर चढते.

नव्या मांडण्या कालच लावल्या होत्या. सिस्टरबाई वर, मी खाली टाकीपाशी. दुपार म्हणजे अंधार. घरी गेलो नव्हतो, रोपं लावायची होती. मागच्या दाराचा आवाज झाला. मी म्हटलं, "कोण?" आणि कुणीतरी मागून डोक्यावर ओलं पोतं टाकलं. पोत्यावरून मारलं. खाली पाडून लाथा घातल्या. बरगडीत एक अशी बसली की श्वास आत जाईना, बाहेर येईना. पोतं सुटलं तेव्हा तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस समोर होता. त्याने उजव्या गालावर अशी थप्पड मारली की दात निखळून जिभेवर आला. बोलला कुणीच नाही. एवढी माणसं, आणि एक शब्द नाही.

सिस्टरबाई शिडीवरून ओरडत उतरल्या तेव्हा ते पळाले.

गाल शेकताना त्या म्हणाल्या, "समोरून मारलं ना? आणि उजव्या गालावर. मारणारा डावखुरा."

"असतील. डावखुरे पुष्कळ असतात," मी म्हटलं.

"आणि हातगाडीवाला खाटेला बांधलेला आहे."

"त्याचे साथीदार असतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वॉर्डात, रोग्याला काय झालंय हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं, तेव्हा पाहतात तसं. मला त्या नजरेचा राग आला.

व्हॉल्व्ह आजही बंद केलेला होता.

२४ मार्च

हातगाडीवाल्याला भेटायला गेले. धाकट्याने जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून त्याला न सांगता.

पाय गुडघ्यापासून काढला आहे. मी पुदिना नेला होता. काय न्यावं सुचलं नाही. त्याने तो उशाशी ठेवला.

"बल्बातला का?" त्याने विचारलं.

"हो."

"वास बरा आहे." मग म्हणाला, "बाई, मी तुम्हाला शिव्या दिल्या, त्या दिल्याच. पण तुमच्या थेटरात मी शेवटचा आलो तो सिनेमा बघायला. तेव्हा तुमच्या वडिलांनी मला फुकट सोडलं होतं. फौजदार मला विचारतो, पाणी कुठून बंद केलंस? तोटी कुठे आहे तेसुद्धा मला माहीत नाही. माहीत असती तरी आधी उजवीकडेच फिरवली असती ना? तोच म्हणाला, तुमची तोटी उलटी आहे म्हणून."

घरी चालत आले. चुकीच्या गल्लीत शिरले, परत फिरले.

व्हॉल्व्ह उलटा आहे हे तिघांनाच माहीत. मी आणि सिस्टरबाई तर अजूनही चुकतो.

तिसऱ्याबद्दलची ओळ लिहिली होती. खोडली.

२७ मार्च

धाकटा आला होता. माझी बरगडी दुखते म्हणून स्वतः सूप करून आणलं, चमच्याने पाजलं. डाव्या हाताने. हनुवटीवर सांडलेलं अंगठ्याने पुसलं. "सोड गं आता," म्हणाला. "पुढच्या वेळी मारून टाकतील तुला. सही कर, मोकळी हो. माझ्याकडे राहा." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ते मी पाहिलं. कुणी काही म्हणो, ते पाणी खरं होतं.

मी म्हटलं, "विचार करते." आणि म्हटलं, "रविवारी दुपारी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचंय, सिस्टरबाईही येतील सोबत."

हे मुद्दाम सांगितलं का? बोलता बोलता निघालं. निदान तसं मला वाटतं.

तो गेल्यावर सिस्टरबाई म्हणाल्या, "डोळ्याच्या डॉक्टरची वेळ कधी घेतली?"

"घेतली नाही," मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची ओढून माझ्याशेजारी ठेवली आणि बसल्या. बराच वेळ आम्ही दोघी पिल्लाला कापसाच्या बोळ्याने दूध पाजत होतो.

३१ मार्च, हॉस्पिटल

थोडं थोडं लिहिते. डोकं बांधलेलं आहे. सिस्टरबाई शेजारच्या खाटेवर, त्यांचा डावा हात प्लॅस्टरमध्ये. परिचारिकांना चुका दाखवत असतात.

रविवारी दुपारी आम्ही दोघी बाल्कनीत जुन्या खुर्च्यांवर बसलो होतो. अंधारात, शाळेतल्या मुलींसारख्या एकमेकींचा हात धरून. माझ्या हाताशी दिव्यांचा मुख्य खटका. मी मनात म्हणत होते, कुणीही येऊ नये. मग म्हटलं, कुणीही येवो, अनोळखी येवो.

दार उचकटलं. पावलं. पहिली मांडणी कोसळली. पाण्याचा लोट उतारावरून धावल्याचा आवाज आला. मी खटका दाबला.

सगळं थिएटर गुलाबी झालं. पहारी उगारलेली माणसं जागच्या जागी थिजली. एकाच्या पायात पांढरे बूट होते, तेही गुलाबी. टाकीपाशी रुमाल बांधलेला एक जण आमच्याकडे पाठ करून उभा होता. त्याचा डावा हात व्हॉल्व्हच्या चाकावर होता आणि तो न बघता, न चाचपडता, डावीकडे फिरवत होता. पाणी बारीक होत होतं.

माझ्या तोंडून निघालं. मी ठरवलं नव्हतं. "उलट रे, उलट!"

आणि तो हात उलटा फिरला.

तत्क्षणी. चाक उजवीकडे फिरलं, पाइपांतून पाणी पुन्हा खळखळलं. मग तो थांबला. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

मी जिना उतरले. कशी उतरले आठवत नाही. त्याच्यासमोर उभी राहिले. रुमालावरचे डोळे मी ओळखत होते, त्यांना मी काजळ घातलं आहे.

"तू डॉक्टरकडे जाणार होतीस ना गं?" तो म्हणाला. रुसलेल्या आवाजात.

"अजूनही डावीकडेच फिरवतोस," मी म्हटलं.

पांढरे बूट ओरडले, "बघतोस काय? तिने ओळखलंय!"

मग तोच हात खाली गेला, फुटलेल्या मांडणीचा लोखंडी दांडा घेऊन वर आला. पहिला फटका मी हातावर झेलला. मनगट मोडल्याचं ऐकलं, दुखलं नाही. दुसरा डोक्यात. पडताना पाहिलं, माझ्यामागून उतरलेल्या सिस्टरबाईंच्या हातावर एकाने पहार घातली होती, आणि त्यांनी दुसऱ्या हाताने पाणी आंबट करायच्या आम्लाचा डबा पांढऱ्या बुटांच्या माणसाच्या तोंडावर रिता केला. तो माणूस डोळ्यांवर हात दाबून पाइपांत आदळत, किंचाळत फिरत होता. सिस्टरबाई ओरडत होत्या, "पाण्याने धू, मूर्खा, पाण्याने धू!" सवय जात नाही.

धाकट्याने तिसऱ्यांदा दांडा उगारला होता. मारला नाही. टाकून पळाला. मारला नाही हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी ते लिहिणार नाही.

१ एप्रिल

फौजदार आले. "तोंड झाकलेलं होतं, तर ओळखलंत कसं?" त्यांनी विचारलं.

"हातावरून," मी म्हटलं, आणि त्यांना चादरीचं सगळं सांगितलं. ते लिहायचे थांबले. मग त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. शाळेत हजेरी देतात तसं स्पष्ट निघालं.

मग हातगाडीवाल्याबद्दल. "माझी तक्रार खोटी पडली," मी म्हटलं. "बेडी आत्ता काढा. मी खाटेवरून बघते आहे." त्याचा वॉर्ड वरच्या मजल्यावर आहे. तरी तसंच म्हटलं. तासाभराने एक वॉर्डबॉय निरोप घेऊन आला: "वरचा एका पायाचा म्हणतो, पुदिना संपला."

२ एप्रिल

डोक्यात रक्त साकळलं आहे, उद्या उघडणार. डॉक्टर फार गोड बोलले, त्यावरून कळलं. सिस्टरबाई म्हणतात, काही होत नाही, पण त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. म्हणून लिहून ठेवते.

टॉकीजमधला माझा निम्मा भाग सिस्टरबाईंना. मांडण्या पुन्हा उभ्या कराव्यात. पाणी तेच पुरेल. मांजराचं पिल्लूही त्यांनाच. त्याला वॉर्डाचे नियम लागू करू नयेत.

वडिलांची डोअरकीपरची टॉर्च, जिने आम्ही पानांखालची कीड बघतो, तीही त्यांनाच. सेल नवे आहेत.

तिकिटाची खिडकी हातगाडीवाल्याला. आत उंच खुर्ची आहे, पाय लोंबकळला तरी कुणाला दिसत नाही. भाजीला बल्बातली म्हणायची त्याला मोकळीक आहे. गज काढून टाकावेत.

शाळेतलं माझं प्रार्थनेचं पुस्तक फौजदारांना. त्यांना गरज आहे असं नाही, पण ते चांगलं ऐकतात.

व्हॉल्व्ह बदलू नये. त्यावर "उलटा आहे" असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं, आम्हाला कधी सुचलं नाही.

माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आईच्या हातची एक पांढरी चादर आहे, मोठी, दोघांनी धरायची. ती धाकट्याला द्यावी. तो कुठे असेल तिथे, कोठडीत असला तरी. देण्याआधी पाण्यात बुचकळावी, पिळू नये. ओलीच द्यावी.